किल्लारीत घरं का कोसळली? आणि मंद्रूपसारख्या गावात घर बांधताना, दुरुस्त करताना काय पाहायचं?

इन्स्टाग्रामवर अधूनमधून एक रील फिरत असते. परदेशात कुणीतरी जमिनीखाली बंकर बांधलेला असतो. पोलादी दार, वर्षभराचं धान्य, बॅटऱ्या, पाण्याच्या टाक्या. आपण बघतो, मित्राला पाठवतो आणि पुढे सरकतो.

पण आपल्याकडे तो बंकर किती कामाचा? भूकंप काही सेकंदांचा असतो, तेवढ्यात बंकरपर्यंत पोचणार कोण? आणि पुरात सगळ्यात आधी भरते ती जमिनीखालची खोली. म्हणजे आपत्ती आली तर आपल्याला वाचवणारी किंवा गाडणारी जागा एकच, आपण रोज झोपतो ती खोली.

हे महाराष्ट्राला सगळ्यात महागात कळलं ते किल्लारीत. मंद्रूपपासून सरळ रेषेत धरलं तर किल्लारी शंभरेक किलोमीटरवर आहे. तिथं काय झालं आणि त्यातून सोलापूरकडच्या गावांनी काय घ्यायचं, ते समजून घेऊया.

३० सप्टेंबर १९९३ ला काय झालं?

गणपती विसर्जनाची धामधूम आटोपून लोक झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. केंद्र लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीजवळ, तीव्रता ६.२ च्या आसपास. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावंच्या गावं आडवी झाली. सरकारी आकड्यानुसार ७,९२८ माणसं गेली.

आता याच्या शेजारी दुसरा भूकंप ठेवून बघा. साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ ला, अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजला भूकंप झाला. तीव्रता ६.७, म्हणजे किल्लारीपेक्षा मोठा. वेळही पहाटे साडेचारची, म्हणजे तिथंही लोक झोपेतच होते. भोवताली तर लाखोंची वस्ती. तरी मृतांचा आकडा साठच्या आसपास राहिला.

एवढा फरक पडण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे डोक्यावरचं छप्पर आणि बाजूच्या भिंती.

दगडाची जाड भिंत मजबूत नसते का?

वजन पेलायला मजबूत असते, पण हलायला लागली की तिचा खरा स्वभाव कळतो.

मराठवाडा आणि सोलापूर भागातली जुनी भिंत दोन-तीन फूट जाड दिसते, पण ती एक भिंत नसते. बाहेरून दगडांचा एक पदर, आतून दुसरा पदर आणि मधल्या पोकळीत दगडांच्या कपच्या आणि माती. दोन्ही पदरांना एकत्र धरणारं काहीच नाही. सांधे मातीचे. कोरडी असताना माती बऱ्यापैकी धरते, पण पावसाचं पाणी मुरलं की तिची ताकद जाते. म्हणूनच दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या गावात भूकंपाशिवायही भिंत पडल्याची बातमी येते.

जमीन हलली की हे दोन पदर वेगवेगळे हलतात. मधली भर खाली बसते आणि पदरांना बाहेर ढकलते. भिंतीला पोट येतं आणि मग ती फुटते. चार भिंती कोपऱ्यात एकमेकींत गुंतवलेल्या नसतील, तर त्या चार दिशांना पडतात.

मग छपराचं काय?

छप्पर म्हणजे माळवद, आपल्याकडे धाबंही म्हणतात. लाकडी खांब, त्यावर तुळया, वर फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. सोलापूरच्या उन्हाळ्यात माळवदाच्या घरातला गारवा कुठल्याही पत्र्याच्या घराला येत नाही, त्यामुळे ही पद्धत लोकांनी उगाच निवडली नव्हती.

अडचण गळतीपासून सुरू होते. छप्पर गळू नये म्हणून पावसाळ्याआधी वर मातीचा नवा थर टाकायचा, ही रीत. बापानं टाकला, मुलानं टाकला, नातवानं टाकला. जुना थर कुणी काढला नाही. असं करत करत काही घरांवर दोन फुटांपर्यंत माती चढली.

हिशोब करून बघा. एक घनमीटर माती साधारण १,६०० किलो भरते. १० बाय १२ फुटांच्या खोलीवर दोन फूट माती असेल, तर डोक्यावर १० टनांहून जास्त वजन आहे. तोच थर आठ इंचांवर आणला, तर वजन साडेतीन टनांच्या आसपास येतं. म्हणजे घराची वर्षानुवर्षं घेतलेली काळजीच घरावरचं ओझं होऊन बसली.

किल्लारीच्या पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी लाकडी सांगाडा उभा राहिला आणि भिंती ढासळल्या. जिथं भिंतींबरोबर छपरही खाली आलं, तिथं माणसं दगड आणि माती दोन्हींखाली गाडली गेली. मातीनं नाकातोंड बंद झालं की वेळ फार थोडा उरतो. आणि ज्यांना दगडी वाडा परवडत नव्हता, जे गवती छपराच्या झोपड्यांत राहत होते, त्यांच्यातले अनेक जण वाचले. वाडा मजबूत आणि झोपडी कच्ची, हा समज त्या पहाटे उलटा पडला.

आधी कुणाला अंदाज नव्हता?

१९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये किल्लारीला धक्के बसले होते. पण भूकंपाच्या धोक्याच्या तेव्हाच्या नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होता. हा कठीण खडकाचा जुना, स्थिर प्रदेश मानला जायचा. २००२ मध्ये मानक सुधारलं, झोन एक रद्द झाला आणि किल्लारीचा पट्टा झोन तीनमध्ये गेला. त्याच मानकाच्या शहरांच्या यादीत सोलापूरही झोन तीनमध्ये आहे. त्यामुळे 'आपल्याकडे कुठं भूकंप होतोय' हे वाक्य आता चालत नाही.

पुनर्वसनात काय जमलं, काय फसलं?

जागतिक बँकेच्या मदतीनं राज्य सरकारनं मोठा कार्यक्रम हाती घेतला. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावं नव्या जागी वसवली. त्याशिवाय सोलापूरसह १३ जिल्ह्यांत पडझड झालेली घरं दुरुस्त आणि मजबूत करण्यासाठी घरमालकांना मदत दिली.

या दोन वाटा वेगळ्या होत्या. नव्या गावांत घरं बांधून मिळाली, रस्ते सरळ आणि रुंद झाले. पण जुन्या गावातली गल्ली, ओसरी, शेजार तसा राहिला नाही. गुबाळसारख्या गावात घुमटाच्या आकाराची घरं बांधली गेली. भूकंपाच्या दृष्टीनं आकार चांगला, पण गोल भिंतीला कपाट टेकवायचं कसं आणि घर वाढवायचं कसं? बऱ्याच नव्या गावांत लोकांनी गरजेप्रमाणे मागेपुढे खोल्या काढल्या. मूळ घर भूकंपाचा विचार करून बांधलेलं आणि वाढवलेली खोली मात्र तशीच, हा धोका तिथून सुरू होतो.

दुरुस्तीच्या वाटेवर काम घरमालकानं स्वतः उभं राहून करून घ्यायचं होतं. गावोगावी महिलांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं. त्यांनी घरोघर जाऊन काय करायचं ते सांगितलं, कामावर लक्ष ठेवलं. हे काम स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीनं झालं. लिंटेलची पट्टी कशासाठी, हे घरातल्या बाईला माहीत असेल तर गवंड्याला ती गाळता येत नाही. हा धडा आजही तितकाच लागू आहे.

मंद्रूपला याचा काय संबंध?

मंद्रूप दक्षिण सोलापूर तालुक्यात, सोलापूर-विजयपूर रस्त्यावर. उत्तरेला सीना, दक्षिणेला भीमा आणि पुढे हत्तरसंग कुडलला दोघींचा संगम. या पट्ट्यात घराला एकाच वेळी तीन गोष्टी झेलाव्या लागतात.

पहिली, जमिनीची थरथर. तिच्याबद्दल वर बोललो.

दुसरी, पाणी. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला महापूर आला आणि सोलापूर जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत पाणी शिरलं. वडकबाळपाशी पाणी चढल्यानं सोलापूर-विजयपूर महामार्गावरची वाहतूकही थांबवावी लागली. भिजलेली मातीची भिंत पूर ओसरल्यावरही पडू शकते, हे अशा वेळी लक्षात ठेवायचं.

तिसरी, काळी माती. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरचं घर वर-खाली होत राहतं. जुन्या लोकांनी शेतीला 'काळी' आणि वस्तीला 'पांढरी' म्हटलं, त्यात या जमिनीचीही ओळख आहे. आता गावठाण भरलं की घरं काळीत सरकतात. पाया उथळ राहिला, तर भूकंप यायच्या आधीच भिंतींना तिरक्या भेगा पडलेल्या असतात.

नवीन घर बांधताना काय पाहायचं?

१. पाया मुरमापर्यंत न्या. काळी माती ओलांडून मुरूम लागेपर्यंत खोदा. मुरूम फार खोल असेल तर इंजिनिअरला विचारा. घराभोवती पाणी मुरू नये म्हणून कडेनं उतार देऊन फरसबंदी करा.

२. जोतं पुराच्या खुणेच्या वर घ्या. गावात पाणी आजवर कुठपर्यंत आलं, हे जुन्या माणसांना विचारा. जोतं त्याच्या वर हवं.

३. घराला पट्टे बांधा. जोत्याच्या पातळीला एक, दारं-खिडक्यांच्या वर लिंटेलला एक आणि छप्पर पत्र्याचं किंवा कौलाचं असेल तर भिंतीच्या माथ्यावर एक. काँक्रीटची किमान ७५ मिलिमीटर जाडीची, सळया घातलेली पट्टी सगळ्या भिंतींवरून सलग फिरली पाहिजे. टोपलीला कडं असतं, तसंच हे काम आहे. पट्टी मध्येच तोडली तर उपयोग नाही.

४. कोपऱ्यात उभी सळई घाला. ती पायापासून छपरापर्यंत सलग हवी. दारं-खिडक्या कोपऱ्यापासून किमान दोन फूट लांब ठेवा.

५. दगडी भिंत असेल तर आरपार दगड घाला. भिंतीच्या दोन्ही पदरांना शिवणारा लांब दगड, उंचीत दर दोन फुटांनी आणि आडवा दर चार फुटांनी. तसा दगड मिळत नसेल तर सळई घातलेला काँक्रीटचा तुकडा चालतो. भिंतीची जाडी दीड फुटापेक्षा जास्त ठेवू नका.

'एवढा खर्च कोण करणार?' असा प्रश्न येतोच. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर आहे. ५ बाय ५ मीटरचं घर धरलं तर बाहेरच्या भिंतींची लांबी २० मीटर. एका पट्टीत १० मिलिमीटरच्या दोन सळया घातल्या, तर सळई लागते साधारण २५ किलो. त्यावर आतल्या भिंती, जोड आणि रिंगांची थोडी भर. अख्ख्या घराच्या मानानं हा खर्च छोटा आहे. घरकुलाचं काम लाभार्थ्यानं स्वतः करून घ्यायचं असतं, त्यामुळे पट्टी मागायचा हक्कही आपलाच.

जुनं माळवदाचं घर पाडायचं का?

लगेच नाही. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठा फायदा देणारं काम म्हणजे वरची जादा माती उतरवणं. थर आठेक इंचांवर आणा आणि गळतीसाठी मातीखाली जाड प्लास्टिकचा कागद घाला. माती सगळीकडून सारखी काढा, एका बाजूला ढीग लावू नका.

मग खांब आणि तुळईच्या जोडाला दोन्ही बाजूंनी तिरपे लाकडी किंवा लोखंडी टेके द्या, म्हणजे सांगाडा एका अंगाला झुकणार नाही. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडून, आकडा केलेली सळई घालून काँक्रीट भरता येतं. किल्लारीनंतर हीच पद्धत वापरली गेली. हे काम जाणकार माणसाच्या देखरेखीखालीच करा आणि पोट आलेल्या भिंतीला आधी टेकू द्या.

दोन चुका मात्र टाळा. सागवानी खांबांना चांगला भाव येतो म्हणून ते काढून विकायचे आणि छप्पर थेट दगड-मातीच्या भिंतींवर टेकवायचं, ही एक. मातीच्या सांध्यांच्या जुन्या भिंतींवर आरसीसी स्लॅब ओतायचा, ही दुसरी. लोखंडी गर्डरवर शहाबादी फरशी टाकलेलं छप्पर असेल तर गर्डर भिंतीत नीट अडकवलेत का आणि एकमेकांना बांधलेत का, ते तपासून घ्या. नाहीतर गर्डर सरकले की फरश्या सुट्या होऊन खाली येतात.

सगळं घर जमत नसेल तर?

मग एक खोली करा. जिथं लहान मुलं आणि म्हातारी माणसं झोपतात ती. तिथली माती आधी उतरवा, तिथल्या भिंती आधी शिवा. खाट पोट आलेल्या भिंतीपासून आणि माळ्यावरच्या जड सामानापासून लांब ठेवा. दार बाहेरच्या मोकळ्या जागेकडे उघडणारं आणि अडगळीविना असू द्या. मदतीसाठी ११२ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हे नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये हवेत.

पावसाळ्याच्या तोंडावर माळवदावर माती टाकायला गडी लावाल, तेव्हा टाकण्याआधी एकदा वर चढून थर मोजा. फूटपट्टी नसेल तर वितीनं मोजा. एका वितीपेक्षा जास्त भरला, तर या वर्षी माती टाकायची नाही, काढायची.