दोन आकड्यांची काटकसर

कोल्हापुरात '२६-६-७४' अशी तारीख कुठे लिहिलेली दिसली, तर साल कोणते हे आपण संदर्भावरून ठरवतो. राजर्षी शाहू महाराजांच्या चरित्रात ते १८७४ असेल. एखाद्या कर्मचाऱ्याच्या सेवापुस्तकात १९७४. मधली शंभर वर्षे आपण नकळत भरून काढतो. संगणकाला हे जमत नाही. त्याला जेवढे सांगितले तेवढेच तो जाणतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस साऱ्या जगाला धावपळ करायला लावणाऱ्या 'वाय-टू-के' प्रश्नाचे मूळ एवढेच होते.

वर्गात 'प्रोग्रॅममधील चुका' हा भाग शिकवताना आपण बहुधा व्याकरणाच्या चुकांपाशी थांबतो : अर्धविराम राहिला, कंस बंद केला नाही. अशा चुका संगणक स्वतःच दाखवून देतो. जी चूक तो दाखवत नाही, तिचा हा इतिहास आहे.

काटकसर कशासाठी?

साल दोन आकड्यांत लिहिणारे प्रोग्रॅमर अडाणी नव्हते. आयबीएम कंपनीने १९२८ मध्ये आणलेल्या छिद्रित कार्डावर ८० रकाने असत आणि एका रकान्यात एकच अक्षर बसे. नाव, खाते क्रमांक, रक्कम, तारीख, सारे त्यातच मावले पाहिजे. १९५९ मध्ये जाहीर झालेल्या आयबीएम १४०१ या संगणकाच्या सर्वांत लहान नमुन्याच्या स्मृतीत अवघी १४०० अक्षरे मावत. आपण वाचत आहात तो लेखही तिच्यात मावला नसता. अशा वेळी प्रत्येक तारखेतून '१९' गाळणे हा शहाणपणाच होता.

पुढे स्मृती स्वस्त झाली, पण सवय राहिली. जुन्या फायली दोन आकडी, म्हणून त्या वाचणारे नवे प्रोग्रॅमही दोन आकडी. आपण लिहिलेले तीस-चाळीस वर्षे वापरात राहील, असे लिहिणाऱ्यालाही वाटत नसे. बॉब बेमर या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने १९७१ मध्येच लेख लिहून धोक्याची सूचना दिली होती. तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

वजाबाकीचा घोटाळा

१९७४ साली जन्मलेल्याचे वय १९९९ मध्ये काढायचे, तर ९९ − ७४ = २५. उत्तर बरोबर. २००० मध्ये मात्र ०० − ७४ = −७४. ऋण चिन्हासाठी जागाच ठेवलेली नसेल, तर उत्तर उरते ७४, म्हणजे सव्वीस वर्षांचा तरुण चौऱ्याहत्तर वर्षांचा! २६ आणि ७४ यांची बेरीज नेमकी १०० का होते, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात १९९२ मध्ये १०४ वर्षांच्या एका आजींना बालवाडीत प्रवेश घेण्याचे बोलावणे आल्याची बातमी गाजली होती. त्यांचे जन्मसाल '८८' एवढेच नोंदलेले होते. यावर हसता येते. पुढच्या घटनेवर नाही. इंग्लंडमधील शेफील्ड येथे गरोदर स्त्रियांच्या तपासणीत, बाळाला डाउन सिंड्रोम असण्याची शक्यता किती, हे संगणकावर काढले जाई. या हिशेबात मातेचे वय महत्त्वाचे असते. २००० च्या सुरुवातीला वयच चुकीचे धरले गेले आणि दीडशेहून अधिक स्त्रियांना चुकीचे निष्कर्ष कळवले गेले. यंत्र बंद पडले नाही, पडद्यावर सूचना आली नाही; फक्त उत्तर चुकले.

दुरुस्तीचे दिवस

१९६८ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेससारख्या भारतीय कंपन्यांकडे दुरुस्तीचे मोठे काम आले. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी केली होती. कोल्हापूरचे 'केआयटी' त्याच वर्षीचे. अशा महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्या पिढीला मुंबई-पुण्यात जी कामे मिळाली, त्यांत हेही होते.

काम वरकरणी सोपे : 'तारीख' शोधा आणि बदला. पण मूळ लेखक निवृत्त झालेले, टिपणे ठेवलेली नाहीत, आणि तारखेच्या चलाला 'क्ष-१' अशी नावे. मग तारीख ओळखायची कशी? ओळ न् ओळ वाचूनच. चलाला अर्थपूर्ण नाव द्यावे, आपण काय गृहीत धरले ते लिहून ठेवावे, हे सांगणारा याहून मोठा धडा नसेल.

दुरुस्तीचे मुख्य मार्ग दोन. साल चार आकडी करणे हा खरा मार्ग, पण खर्चिक. दुसरा मार्ग 'खिडकी'चा : ०० ते १९ हे २००० नंतरचे मानायचे, २० ते ९९ हे १९०० नंतरचे. हा स्वस्त, पण २०२० साल उजाडताच तोच प्रश्न पुन्हा दारात. शिवाय २९ फेब्रुवारी २००० ची वेगळी तपासणी करावी लागली. शतकाचे साल ४०० ने भाग जात असेल तरच लीप, म्हणून १९०० लीप नव्हते, २००० होते. नियमाचा अर्धाच भाग पाठ असणाऱ्यांची तिथे फसगत झाली.

१ जानेवारी २००० रोजी मोठा अनर्थ घडला नाही, तेव्हा 'उगाच बाऊ केला' असे बोलले गेले. बंधारा वेळेत दुरुस्त केला आणि पूर आत आला नाही, तर दुरुस्ती फुकट गेली असे आपण म्हणत नाही.

पुढचा मुक्काम

काही जुन्या संगणकांत वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत, ३२ बिटांत साठवतात. त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७. ती भारतीय वेळेनुसार १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी गाठली जाईल. पुढच्याच सेकंदाला न सुधारलेले यंत्र १४ डिसेंबर १९०१ कडे उडी घेईल, म्हणजे थेट शाहू महाराजांच्या कारकिर्दीत! ६४ बिट वापरणे हा यावर उपाय आहे आणि तो बऱ्याच ठिकाणी झालाही आहे. प्रश्न आहे तो भिंतीत आणि यंत्रांत बसवून विसरलेल्या जुन्या उपकरणांचा.

विद्यार्थ्यांकडून वय काढण्याचा छोटा प्रोग्रॅम अवश्य लिहून घ्यावा. मात्र तो आपल्या जन्मतारखेवर चालला म्हणून गुण देऊ नयेत. २६-६-१८७४, २९-२-२०००, ३१-१२-१९९९ आणि उद्याची तारीख, एवढ्या जन्मतारखा त्याला घालून पाहाव्यात. अवघड उदाहरण आधी स्वतःच शोधण्याची सवय त्या एका तासात लागू शकते.