शिरपूर (जैन) येथील पवळी मंदिर आणि आम्लवर्षा

१. ‘आम्लाच्या पावसाने शिळा झिजल्या’ : हे विधान जपून घ्यावे. स्वच्छ हवेतील पाऊसही किंचित आम्लधर्मीच असतो. कार्बन डायऑक्साइड विरघळल्याने त्याचा सामू सुमारे ५.६ असतो. कोळसा व इंधन तेलाच्या ज्वलनातून निघणारे सल्फर आणि नायट्रोजनचे ऑक्साइड हवेत आम्ल बनतात तेव्हा सामू याहून खाली जातो. तो एका अंकाने उतरला की आम्लता दहापट वाढते. हे आम्ल पावसाखेरीज धुके, वायू व कोरड्या धुळीतूनही दगडावर बसते.

शिरपूर ज्या वाशीम परिसरात आहे, तिथला खडक बेसाल्ट आहे. संगमरवर आम्लात विरघळतो, त्याच्या पृष्ठभागाचे जिप्सम होऊन पापुद्रे सुटतात. ताजमहालाबद्दलची चिंता हीच होती (सर्वोच्च न्यायालयाचा आदेश, ३० डिसेंबर १९९६). बेसाल्ट मात्र फार सावकाश झिजतो. धोका अधिक तो सांध्यांतील चुन्याला आणि गिलाव्याला. जवळचे मोठे औष्णिक केंद्र पारस (जि. अकोला, २५० मेगावॅटचे दोन संच) शिरपूरच्या उत्तरेस आहे. पावसाळी वारे मुख्यत्वे पश्चिमेकडून वाहत असल्याने त्याचा धूर त्या दिवसांत बहुधा पूर्वेकडे जातो. शिवाय आपल्याकडील चुनखडीयुक्त धूळ आम्ल बरेचसे शमवते. तरीही हवामान विभागाच्या नागपूर व पुणे केंद्रांवरील पावसाचा सामू १९८१ नंतरच्या तीन दशकांत घटत गेला, हेही विसरू नये. पवळीच्या शिळांची झीज मात्र प्रामुख्याने ऊन, पाणी, शेवाळ आणि सांध्यांत रुजलेल्या झाडांची मानावी. — संपा.