राखीव वैमानिक : पूर्णवेळ कारकिर्दीचे पर्याय (अमेरिका)

अमेरिकेच्या एअर नॅशनल गार्ड किंवा एअर फोर्स रिझर्व्ह या राखीव दलांत थेट भरती होऊन वैमानिक झालेल्या अधिकाऱ्याची सैनिकी नोकरी मूलतः अर्धवेळ असते. प्रशिक्षण संपले की पोटापाण्यासाठी त्याला पूर्णवेळ काम शोधावे लागते. त्याच्यापुढे मुख्यतः चार वाटा असतात : दलातच पूर्णवेळ पद मिळवणे, दलातील तात्पुरत्या कामांवर भागवणे, विमानकंपनीत रुजू होणे किंवा उड्डाणाशी संबंध नसलेला व्यवसाय करणे. यांतली निवड अवघड होते ती मुख्यतः वेळेमुळे. लष्करी विमानावर हात बसण्यासाठी सुरुवातीची दोन-तीन वर्षे द्यावी लागतात आणि विमानकंपनीत ज्येष्ठता मिळवण्याच्या दृष्टीनेही नेमकी तीच वर्षे सर्वांत मोलाची असतात.

दले आणि भरती. एअर नॅशनल गार्डची स्थापना १८ सप्टेंबर १९४७ रोजी, तर एअर फोर्स रिझर्व्हची १४ एप्रिल १९४८ रोजी झाली. गार्डच्या तुकड्या शांततेच्या काळात त्या त्या राज्याच्या गव्हर्नरच्या अखत्यारीत असतात. रिझर्व्ह पूर्णपणे संघराज्याचे असून त्याचे मुख्यालय जॉर्जियातील रॉबिन्स तळावर आहे. उमेदवाराची मुलाखत घेऊन निवड सहसा तुकडीच करते. त्यामुळे आपण कोणत्या शहरात कोणते विमान चालवणार, हे त्याला प्रशिक्षणाआधीच ठाऊक असते. नियमित हवाई दलातल्या वैमानिकाला ही खात्री नसते.

मूळ प्रशिक्षण सुमारे वर्षभराचे असते. ते मिसिसिपीतील कोलंबस, टेक्सासमधील लाफलिन व शेपर्ड आणि ओक्लाहोमातील व्हान्स या तळांवर दिले जाते. त्यानंतर विशिष्ट विमानाचा अभ्यासक्रम होतो. या काळात पूर्णवेळ पगार मिळतो आणि मोबदल्यात १० वर्षांच्या सेवेची बांधिलकी येते. तुकडीत परतल्यावर अनुभव पक्का व्हावा म्हणून काही महिने पूर्णवेळ उड्डाण करायला मिळते. ते दिवस संपले की अर्धवेळ वेळापत्रक सुरू होते : महिन्यातून एक शनिवार-रविवार आणि वर्षातून १५ दिवस. एका शनिवार-रविवारात चार हजेऱ्या धरतात आणि प्रत्येक हजेरीला मासिक मूळ वेतनाचा तिसावा हिस्सा मिळतो. वैमानिकांना उड्डाणसरावासाठी जादा हजेऱ्या मिळत असल्या, तरी एवढ्यावर घर चालत नाही.

भारतीय हवाई दलात अल्पसेवा कमिशनवर आलेला वैमानिक साधारण १४ वर्षे पूर्णवेळ सेवा करतो आणि त्यानंतर नागरी विमानसेवेकडे वळू शकतो. अमेरिकेतील राखीव वैमानिक दोन्ही नोकऱ्या एकाच वेळी सांभाळतो.

दलातील पूर्णवेळ पदे. ही पदे दोन प्रकारची असतात. ‘एजीआर’ (अ‍ॅक्टिव्ह गार्ड रिझर्व्ह) पदावरील अधिकाऱ्याला नियमित सैनिकासारखे वेतन, घरभाडे व वैद्यकीय सुविधा मिळतात आणि २० वर्षांची सक्रिय सेवा झाली की लगेच निवृत्तिवेतन सुरू होते. दुसरा प्रकार तंत्रज्ञ पदाचा. रिझर्व्हमध्ये ही पद्धत १९५८ मध्ये सुरू झाली, तर गार्डमधील तंत्रज्ञांना १९६८ च्या कायद्याने संघराज्याचे कर्मचारी केले. तंत्रज्ञ वैमानिक आठवडाभर नागरी सरकारी कर्मचारी म्हणून काम करतो आणि ड्रिलच्या, म्हणजे मासिक हजेरीच्या, दिवशी त्याच तुकडीत सैनिक असतो. लष्करी सदस्यत्व गेले, तर नोकरीही जाते. त्याला वर्षाला २० दिवसांची भरपगारी लष्करी रजा मिळते.

पूर्णवेळ पदे मोजकी असतात आणि प्रशिक्षक किंवा नियोजन अधिकारी म्हणून काम करू शकणाऱ्या अनुभवी वैमानिकांकडे जातात. नवख्याला ती क्वचितच मिळतात. शिवाय त्यांत कार्यालयीन कामाचा वाटा मोठा असतो.

तात्पुरती कामे. अर्धवेळ राहूनही मिळेल त्या आदेशावर सतत काम करणाऱ्याला तुकडीत ‘गार्ड बम’ म्हणतात. परदेशी तैनाती, हवेत इंधन भरण्याच्या मोहिमा, मालवाहतुकीच्या फेऱ्या आणि लढाऊ तुकड्यांतील ‘अलर्ट’ची पाळी यांतून त्याचे महिने भरतात. अमेरिकेच्या हवाई सीमांच्या रक्षणासाठी सज्ज ठेवलेल्या लढाऊ विमानांचा मोठा भार गार्डच सांभाळते. नवख्याला या मार्गाचा दुहेरी लाभ होतो : उड्डाणाचे तास झपाट्याने वाढतात आणि तुकडीत विश्वास निर्माण होतो. पण कामाची हमी नसते. आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते. अर्थसंकल्प रखडला की आदेश आटतात.

विमानकंपनी. सर्वाधिक चर्चा होते ती या पर्यायाची. १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलोजवळ कोल्गन एअरचे विमान कोसळून ५० जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर २०१० मध्ये झालेला कायदा आणि २०१३ चे नियम यांनुसार प्रवासी विमानकंपनीतील सहवैमानिकालाही एअरलाइन परवाना आवश्यक झाला. त्यासाठी १,५०० तासांचे उड्डाण लागते. लष्करी वैमानिकांना मर्यादित परवाना ७५० तासांवर मिळू शकतो. व्यावसायिक परवाना त्यांना लष्करी पात्रतेच्या आधारे लेखी परीक्षा देऊन मिळतो. एअरलाइन परवान्यासाठी मात्र ३० तासांचे वर्ग आणि १० तासांचे सिम्युलेटर असा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो.

७५० तास किती लवकर होतील, हे विमानावर ठरते. मालवाहू सी-१७ किंवा इंधनवाहू केसी-१३५ चा वैमानिक एका लांब फेरीत जेवढे तास मिळवतो, तेवढ्यासाठी लढाऊ एफ-१६ च्या वैमानिकाला बरीच उड्डाणे करावी लागतात. काही कंपन्या लढाऊ वैमानिकांच्या प्रत्येक उड्डाणामागे थोडा वेळ वाढवून धरतात. भूदलाच्या आर्मी नॅशनल गार्डमधील हेलिकॉप्टर वैमानिकाला स्थिरपंखी विमानाचे तास वेगळे जमवावे लागतात. त्याच्यासाठी हवाई रुग्णवाहिकेचे क्षेत्र अधिक जवळचे असते.

विमानकंपनीत पगार, विमान, तळ, सुट्ट्या आणि कॅप्टनपद हे सारे ज्येष्ठता क्रमांकावर ठरते. हा क्रमांक रुजू होण्याच्या तारखेने मिळतो आणि कंपनी बदलली की पुन्हा तळापासून सुरुवात होते. निवृत्तीचे वय ६५ असल्याने आधी रुजू झालेल्याला वरच्या क्रमांकावर अधिक वर्षे मिळतात. दुसरीकडे, मंदीत कपात होते तीही ज्येष्ठतेच्या तळापासून. २००१ नंतर आणि २०२० मध्ये हजारो वैमानिक घरी बसले. अशा वेळी राखीव वैमानिकाला तुकडीचा आधार असतो.

कायद्याचे संरक्षण. ‘यूसेरा’ या १९९४ च्या कायद्याने लष्करी कामासाठी गेलेल्या कर्मचाऱ्याला नोकरी परत मिळण्याचा हक्क दिला आहे. एका मालकाकडील अशा अनुपस्थितीची एकूण मर्यादा पाच वर्षे आहे. नेहमीची ड्रिल, वार्षिक प्रशिक्षण आणि सक्तीची तैनाती त्यात मोजत नाहीत. सेवा ३१ ते १८० दिवसांची असेल, तर परतल्यावर १४ दिवसांत आणि त्याहून अधिक असेल, तर ९० दिवसांत नोकरीसाठी अर्ज करावा लागतो. रजेच्या काळातही ज्येष्ठता वाढत राहते. म्हणूनच अनेक जण आधी क्रमांक मिळवतात आणि मग लष्करी रजेवर तुकडीत परततात.

भूगोल. घर, तुकडी आणि कंपनीचा तळ ही तीन ठिकाणे एकाच शहरात असली, तर दोन्ही नोकऱ्या सुसह्य होतात. मेम्फिस विमानतळावर फेडेक्सचे मुख्य केंद्र आहे आणि तिथेच टेनेसी गार्डची सी-१७ तुकडी आहे. लुईव्हिलमध्ये यूपीएस आणि केंटकी गार्डची सी-१३० जे तुकडी, तर फीनिक्स व सॉल्ट लेक सिटी येथे इंधनवाहू केसी-१३५ तुकड्या आणि अनुक्रमे अमेरिकन व डेल्टा या विमानकंपन्यांची केंद्रे आहेत. ठिकाणे वेगळी असतील, तर ये-जा स्वतःच्या सुट्टीतून करावी लागते आणि ती झळ कुटुंबाला बसते.

इतर व्यवसाय. अभियांत्रिकी, वकिली, घरचा धंदा किंवा राजकारण करूनही राखीव वैमानिक राहता येते. अ‍ॅडम किन्झिंगर हे २०११ ते २०२३ या काळात इलिनॉयचे खासदार असताना विस्कॉन्सिन गार्डमध्ये वैमानिक होते. मात्र अशा वैमानिकाला दैनंदिन कामात उड्डाणाचा सराव मिळत नाही. त्यामुळे तुकडीला अधिक दिवस द्यावे लागतात.

निवृत्ती आणि आरोग्यविमा. अर्धवेळ सैनिकाचे निवृत्तिवेतन गुणांवर मोजतात. किमान ५० गुणांची २० वर्षे झाली की तो पात्र ठरतो, पण पैसे साधारणतः ६० व्या वर्षी सुरू होतात. २८ जानेवारी २००८ नंतरच्या पात्र सक्रिय सेवेच्या दर ९० दिवसांमागे हे वय तीन महिन्यांनी कमी होते. अर्धवेळ सैनिकाला हप्ता भरून लष्करी आरोग्य योजना घेता येते. तंत्रज्ञांना मात्र ती २०३० पर्यंत खुली नाही. त्यांना सरकारी कर्मचाऱ्यांचा विमा घ्यावा लागतो.

निवडीचे निकष. पहिल्या वर्षाच्या पगाराची तुलना फसवी ठरते. तास किती झाले आहेत, तुकडीत किती आदेश उपलब्ध आहेत, विमानकंपन्यांची भरती चालू आहे की थंडावली आहे आणि घर कुठे आहे, हे प्रश्न अधिक निर्णायक असतात. ७५० तासांपर्यंत तुकडीतले मिळेल ते काम घेणे, तुकडीच्या विमानावर हात बसला की ज्येष्ठता क्रमांक मिळवणे आणि प्रशिक्षक झाल्यावर पूर्णवेळ पदाचा विचार करणे, हा क्रम बहुतांश परिस्थितींत कमी जोखमीचा ठरतो. पूर्णवेळ पदाची संधी नंतर पुन्हा येऊ शकते. ज्येष्ठतेची तारीख मात्र मागे नेता येत नाही आणि कच्च्या हाताने दोन विमाने एकदम शिकायला घेतली, तर दोन्हीकडे धोका संभवतो.