काचेचे ओझे : मुंबई इलाख्यातील आरंभीच्या छायाचित्रणाचा एक दुर्लक्षित पैलू

एकोणिसाव्या शतकात घेतलेले एखाद्या वास्तूचे छायाचित्र हाती आले की इतिहासाचा अभ्यासक त्याला बहुधा निःपक्षपाती साक्षीदार मानतो. बखरकाराला धनी असतो, प्रवाशाला पूर्वग्रह असतात. यंत्राला मात्र दोन्ही नसतात, अशी आपली समजूत असते. ही समजूत तपासून पाहावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. छायाचित्रकाराची दृष्टी, त्याचा राजकीय हेतू यांची चर्चा पुष्कळ झाली आहे. त्या दोहोंच्या आधी येणारी एक साधी बाब मात्र मागे राहिली. ती म्हणजे सामानाचे वजन.

यंत्र जड का होते, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. लहान मूळ प्रतिमेवरून मोठे चित्र छापण्याची सोय त्या काळी व्यवहारात जवळजवळ नव्हती. कागद मूळ प्रतिमेला चिकटवून उन्हात ठेवावयाचा व छाप उमटवावयाचा, ही रीत होती. म्हणून चित्र जेवढे मोठे हवे तेवढीच मूळ काच मोठी, आणि काच मोठी म्हणून यंत्राची पेटी, भिंग व तिपाई हीही मोठी. बारा इंच लांब, दहा इंच रुंद आणि तीन मिलिमीटर जाड अशा एका काचेचे वजन सुमारे 580 ग्रॅम भरते. अशा पन्नास काचा म्हणजे 29 किलोग्रॅम, जुन्या बंगाली मापाने पाऊण मणाहून थोडे अधिक. यात पेटी, तिपाई, औषधे व पाणी यांचा समावेश नाही.

1851 मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने प्रसिद्ध केलेल्या ओल्या कलोडियनच्या पद्धतीने या ओझ्यात आणखी भर घातली. काचेवर कलोडियनचा थर द्यावयाचा, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवावयाची, ओली असतानाच यंत्रात घालावयाची आणि थर वाळण्यापूर्वी प्रतिमा उमटवून घ्यावयाची. या साऱ्यास दहा-पंधरा मिनिटांचा अवधी मिळे. दख्खनच्या उन्हाळ्यात त्याहूनही कमी. तेव्हा अंधाऱ्या खोलीपाशी परत जाण्याचा प्रश्नच नव्हता. अंधारी खोलीच तंबूच्या रूपाने बरोबर न्यावी लागे.

मुंबईत छायाचित्रणाची संस्था 1854 मध्ये स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद होते. पुढच्याच वर्षी मुंबई सरकारने तोफखान्यातील कॅप्टन टॉमस बिग्ज याची प्राचीन वास्तूंची छायाचित्रे घेण्यासाठी नेमणूक केली. विजापूर, बदामी, ऐहोळे, पट्टदकल ही त्याची मुख्य क्षेत्रे. मुंबईहून ठाण्यापर्यंतची आगगाडी सुरू होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती, आणि विजापूरच्या वाटेवर लोहमार्ग नव्हता. बिग्जने काच न वापरता टॅल्बटच्या पद्धतीतील कागदी मूळ प्रतिमा वापरल्या. कागद काचेहून हलका, न फुटणारा आणि आधी तयार करून ठेवता येण्याजोगा. दूरच्या प्रवासास त्याची ही अनुकूलता उघड आहे. याचे मोल मात्र चित्राला द्यावे लागे. कागदाच्या तंतूंमुळे बारीक रेषा मृदू होतात आणि प्रकाश अधिक वेळ द्यावा लागतो. तेवढ्या वेळात हलणारी माणसे व जनावरे पुसट होतात किंवा नाहीशीच होतात. म्हणून अशा चित्रांतील निर्मनुष्य प्रांगण पाहून ते स्थळ ओस पडले होते असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. माणसे तेथे असतीलही. प्रतिमेत ती टिकली नाहीत, एवढेच.

याच्या उलट उदाहरण अजिंठ्याचे आहे. लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमलेल्या रॉबर्ट गिलने पुढे छायाचित्रणही हाती घेतले. 1864 मध्ये जेम्स फर्ग्युसनच्या लेखनासह त्याचे जे पुस्तक निघाले त्यात 74 छायाचित्रे आहेत, आणि ती दुहेरी भिंगाच्या लहान यंत्राने घेतलेली आहेत. गिलचा मुक्काम वर्षानुवर्षे अजिंठ्याच्या परिसरात होता व त्याचे यंत्र लहान होते. बिग्ज फिरतीवर होता व त्याच्या प्रतिमा मोठ्या होत्या. या दोन चित्रसंग्रहांत जो फरक दिसतो, तो केवळ दोघांच्या अभिरुचीचा नव्हे.

हे ओझे वाहिले कोणी? हिमालयात फिरलेल्या सॅम्युअल बोर्नने याविषयी स्वतःच लिहून ठेवले आहे. 1863 च्या प्रवासात त्याच्याबरोबर सुमारे 30 हमाल होते, पुढील वर्षी काश्मीरच्या प्रवासात 42. 1866 मध्ये तो मनिरंग खिंडीत, सुमारे 18,600 फुटांवर, यंत्र घेऊन पोहोचला. हमाल वाटेत ओझी टाकून पळून जात अशी त्याची तक्रार आहे, आणि काठीचा धाक आपण कसा घातला हेही तो निःसंकोचपणे सांगतो. त्याने हमालांची संख्या दिली, आपली चिडचीड नोंदविली. त्यांची बाजू त्याच्या लेखनात नाही. तथापि वेठीची पद्धत ज्याला ठाऊक आहे त्याला त्या पलायनाचा अर्थ निराळा लावता येईल. आपल्याकडील ग्रंथांतही हीच स्थिती आहे. 1866 मध्ये लंडनला छापलेल्या विजापूरवरील ग्रंथाच्या मुखपृष्ठावर आराखडे काढणाऱ्या हार्ट व कमिंग यांची नावे आहेत, छायाचित्रे घेणाऱ्या बिग्ज व लॉक यांची आहेत. एतद्देशीय आराखडेकारांचा उल्लेख मात्र सामुदायिक आणि निनावी आहे. ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांची ही गत, तर ज्यांच्या डोक्यावर पेटी होती त्यांचा उल्लेख तेथे नसावा यात नवल नाही.

आता हाच विचार किनाऱ्यावरील एखाद्या स्थळास लावून पाहू. मालवणच्या उत्तरेस तोंडवली-तळाशीलचा भाग आहे. एका अंगास अरबी समुद्र, दुसऱ्या अंगास खाडी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. 1860 च्या सुमारास ओल्या काचेचे सामान तेथे नेण्याची कल्पना करावी. मुंबईहून गलबताने मालवण, तेथून होडी, आणि पुढे चाक रुतणाऱ्या वाळूतून माणसाचे डोके. पावसाळ्याचे चार महिने हा जलमार्ग बंद. पोहोचल्यावर पाण्याची अडचण : मचूळ पाण्यातील क्लोराइडमुळे सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात पांढरा साका बसतो आणि द्रावण बिघडते. म्हणजे डोक्यावरच्या ओझ्यात शुद्ध पाण्याचीही भर पडावयाची. विजापूरच्या गोलघुमटासाठी सरकार हा खर्च सोशील. मच्छीमारांच्या वस्तीसाठी व माडांच्या रांगेसाठी कोण सोशील? दप्तरात ज्या गावाचे चित्र नाही ते गाव त्या काळी महत्त्वाचे नव्हते, असे म्हणण्यापूर्वी त्या गावापर्यंतची वाट मोजली पाहिजे.

1871 मध्ये मॅडॉक्सने जिलेटिनच्या कोरड्या काचेची पद्धत मांडली आणि पुढील दशकात तशा काचा बाजारात मिळू लागल्या. तंबू व द्रावणे मागे पडली, पण काचेचे वजन राहिले. पुरातत्त्व खात्याचे काम विसाव्या शतकातही दीर्घकाळ मोठ्या काचांवरच चालले.

यावरून छायाचित्र हे साधन त्याज्य ठरत नाही. ताम्रपट वाचताना आपण पत्र्याची जाडी, कडी व मुद्रा पाहतो. तीच शिस्त येथे लावली पाहिजे. प्रतिमा कागदावरची की काचेवरची, तिचा आकार केवढा, ऋतू कोणता आणि तेथवर रस्ता होता की नाही, हे चार प्रश्न प्रत्येक चित्रास विचारावेत. पाचवा प्रश्न ओझे वाहणाऱ्याचा आहे. त्याचे उत्तर चित्रात सापडणार नाही. ते खर्चाच्या हिशेबांत, हमालीच्या नोंदींत व वेठीविरुद्धच्या अर्जांत शोधावे लागेल, आणि तो शोध चित्रसंग्रहाच्या अभ्यासाचाच भाग मानला पाहिजे.