पचनज व्रण आणि रोजचे धान्य
अल्सर होणे-न होणे ताटातल्या धान्यावर ठरते का, हा प्रश्न हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या पूर्वायुष्यातला. १९१८ मध्ये कुन्नूरला सुरू झालेले तिचे काम १९५८ मध्ये हैदराबादेत आले. कुन्नूरला संशोधक रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी उंदरांना प्रांतोप्रांतीचे जेवण घातले. त्रावणकोरी कसाव्यावरच्या पाव हिश्शाहून अधिक उंदरांना व्रण झाले. पोळी, दूध, भाज्या अशा शीख पद्धतीच्या आहारावरचे उंदीर त्यातून सुटले. पुढे म्हैसूरला शल्यचिकित्सा केलेल्या फ्रँक टोव्ही यांनी भातखाऊ भागांत व्रण जास्त असल्याचे नोंदवले. कुळथासारख्या कडधान्यांतील स्निग्धांश संरक्षक असावा, असे त्यांचे मत. मुख्य कारणे मात्र हेलिकोबॅक्टर पायलोरी जंतू आणि वेदनाशामक गोळ्या. आंध्रातल्या ताटातले कुळथाचे दाट सार, उलवचारू, रुचकर खरे, पण ते औषध नव्हे. शौच डांबरासारखे काळे झाल्यास व्रणातून रक्त जात असू शकते; तडक रुग्णालय गाठावे.