दोन ॲम्प, एक गिटार आणि कापलेली पिन

गेल्या महिन्यात एका मित्राने विचारले, "दोन ॲम्पसाठी स्विचिंग पेडल घ्यायचे आहे, कोणते घेऊ?" इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. पण त्याच्या सरावाच्या खोलीत गेलो, तेव्हा दोनपैकी एका ॲम्पच्या प्लगची वरची जाड पिन करवतीने कापलेली दिसली. "दोन्ही ॲम्प एकत्र लावले की घूंऽऽ असा आवाज येतो. ही पिन काढली की जातो," तो सहज म्हणाला. ते ऐकून मला १९७२ सालचे स्वान्सी आठवले. पेडल कोणते घ्यावे या प्रश्नाचे उत्तर त्या कापलेल्या पिनेच्या इतिहासात आहे, म्हणून आजचा थ्रेड तिच्यावर.

प्रथम, एका गिटारला दोन ॲम्प लागतातच कशाला?

सुरुवातीचे कारण साधे होते: आवाज पुरत नव्हता. १९५०च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमधील व्हॉक्स कंपनीचा एसी-१५ हा साधारण १५ वॉटचा ॲम्प नृत्यगृहापुरता ठीक होता. प्रेक्षकांचा चीत्कार वाढला तसा त्याच्या जागी एसी-३० आला. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्स सुमारे ५५,००० लोकांसमोर उभे राहिले, तेव्हा १०० वॉटचे व्हॉक्सही त्या कल्लोळात बुडाले. त्याच सुमारास लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांच्या दुकानात 'द हू' या बँडचे पीट टाउनशेंड आणि जॉन एंटविसल आणखी मोठ्या आवाजाची मागणी घेऊन येत होते. मार्शल यांचा पहिला ॲम्प, जेटीएम-४५, हा मुळात अमेरिकन फेंडर बासमनच्या आराखड्यावर बेतलेला होता. या मागणीतून १०० वॉटचे ॲम्प आणि माणसापेक्षा उंच स्पीकरची थप्पी जन्माला आली. एक थप्पी अपुरी पडली की दुसरी. पहिल्या ॲम्पच्या मोकळ्या जॅकमधून छोटी केबल काढून दुसऱ्या ॲम्पला जोडली की काम झाले. पेडल कोणाला लागले नाही.

दुसरे कारण अधिक रसिक आहे. प्रत्येक ॲम्पचा स्वभाव वेगळा असतो, आणि दोन स्वभाव एकाच वेळी ऐकू आले की खोलीत एक तिसराच आवाज तयार होतो. गिब्सनने १९५९ मध्ये ईएस-३४५ हे गिटार काढले. त्यात दोन पिकअपचे आवाज वेगवेगळे बाहेर काढून दोन ॲम्पना देण्याची सोय होती. रोलँडचा जेसी-१२० (१९७५) आणि त्यातून निघालेले बॉसचे पहिले पेडल सीई-१ (१९७६) यांची जादूही हीच. एका बाजूने साधा आवाज, दुसऱ्या बाजूने किंचित डोलणारा, आणि दोघांचे मिश्रण तारेत होत नाही, तर हवेत होते. क्वीनचे ब्रायन मे प्रतिध्वनी वेगळ्या एसी-३०ला देऊन स्वतःशीच कॅनन वाजवत. ही मौज एकदा अनुभवली की माणूस एका ॲम्पकडे परत जात नाही; माझा मित्रही गेलेला नाही.

आणि इथेच तो घूंऽऽ सुरू होतो.

गिटारच्या केबलमध्ये मध्यभागी सूर वाहणारी एक तार असते आणि तिच्याभोवती बाहेरचा उपद्रव अडवणारी धातूची जाळी. ही जाळी एका टोकाला गिटारच्या तारांशी आणि दुसऱ्या टोकाला ॲम्पच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेली असते. सांगाडा प्लगच्या तिसऱ्या पिनेतून भिंतीच्या अर्थिंगला जातो. ॲम्प एकच असेल तर जमिनीकडे जाणारी वाट एकच. पण दुसरा ॲम्प जोडला की दोन्ही सांगाडे एकीकडे केबलच्या जाळीने आणि दुसरीकडे भिंतीतील अर्थिंगने जोडले जातात, म्हणजे एक पूर्ण वेढा तयार होतो. आसपासच्या विजेचे चुंबकीय क्षेत्र या वेढ्यात बारीकसा प्रवाह खेळवते आणि ॲम्प तो इमानदारीने मोठा करून ऐकवतो. आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये तो मुख्यतः ५० हर्ट्झचा, म्हणजे पाश्चात्त्य स्वरांतील 'जी'च्या किंचित वर. अमेरिकेत ६० हर्ट्झचा, 'ए-शार्प' आणि 'बी' यांच्या मध्ये कुठेतरी. दोन्ही देशांत बेसूरच.

वेढा कुठेही तोडला तरी आवाज थांबतो. प्लगची पिन कापणे हा त्यातला सर्वांत स्वस्त मार्ग, आणि पिढ्यान्‌पिढ्यांनी तोच निवडला. अमेरिकन ॲम्पना तर १९६०च्या दशकात बराच काळ तिसरी पिनच नव्हती. मागच्या बाजूला 'ग्राउंड' असे लिहिलेला एक खटका असे. तो एका कपॅसिटरमधून सांगाडा विजेच्या दोनपैकी एका तारेला जोडी, आणि ज्या बाजूला हम कमी ती बाजू वादकाने कानाने निवडायची. तो कपॅसिटर आतून जळून शॉर्ट झाला, तर ॲम्पचा सांगाडा थेट विजेच्या तारेला जोडला जाई. दुरुस्ती करणारे इंग्रजीत त्याला मृत्यूचा कपॅसिटर म्हणतात. अशा ॲम्पच्या सांगाड्यात वीज उतरली की ती केबलच्या जाळीतून गिटारच्या तारांत येते. वादकाची बोटे तारांवर आणि ओठ अर्थिंग असलेल्या मायक्रोफोनजवळ. मधली वाट त्याच्या छातीतून जाते. अँपिअरच्या दहाव्या हिश्शाएवढा प्रवाहही हृदयाची लय मोडायला पुरेसा असतो.

डिसेंबर १९६५ मध्ये सॅक्रॅमेंटोच्या रंगमंचावर रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्स यांचे गिटार मायक्रोफोनच्या स्टँडला लागले आणि ते जागीच बेशुद्ध पडले. बुटांच्या जाड रबरी तळव्यांनी त्यांना वाचवले, असे म्हणतात. लेस हार्वी यांना तेवढे नशीब नव्हते. 'स्टोन द क्रोज' या स्कॉटिश बँडचा हा गिटारवादक मे १९७२ मध्ये वेल्समधील स्वान्सी येथे, भरल्या प्रेक्षागृहासमोर, अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लावताच कोसळला आणि मरण पावला. चार वर्षांनी, मे १९७६ मध्ये, यार्डबर्ड्सचे गायक कीथ रेल्फ राहत्या घरी गिटार वाजवताना विजेच्या धक्क्याने गेले. तिथेही दोष अर्थिंगचाच होता. रॉक संगीताच्या इतिहासात विमान अपघात आणि अमली पदार्थ यांवर पुस्तकेच्या पुस्तके आहेत, पण अर्थिंगने घेतलेले हे बळी तळटीपेत जातात. मला हे खटकते, कारण यातला प्रत्येक मृत्यू एका हिरव्या वायरीने टळला असता.

माझ्या मित्राच्या खोलीत धोका आणखी एका कारणाने लपलेला होता. पिन कापलेल्या ॲम्पला अर्थिंग मिळत होतेच, फक्त ते गिटारच्या केबलच्या जाळीतून, पेडलमार्गे, दुसऱ्या ॲम्पच्या प्लगपर्यंत जाऊन. म्हणजे त्याच्या सुरक्षिततेची सगळी मदार एका बारीक जाळीवर आणि एका सैल जॅकवर होती. कार्यक्रमाच्या मध्येच ती केबल निघाली की तोही आधार गेला. आणि हे कोणाला कळणार नाही, कारण ॲम्प वाजतच राहतो.

मग वेढा सुरक्षितपणे तोडायचा कसा? याचे उत्तर गिटारच्या ॲम्पपेक्षा शंभर वर्षे जुने आहे. २९ ऑगस्ट १८३१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे यांनी लोखंडाच्या एका कड्यावर समोरासमोर तांब्याच्या तारेची दोन वेटोळी गुंडाळली. ती एकमेकांना कुठेही चिकटलेली नव्हती. एका वेटोळ्याला बॅटरी जोडताच दुसऱ्याच्या तारेजवळची चुंबकसुई हलली आणि पुन्हा स्थिर झाली. बॅटरी सोडवताना परत हलली. प्रवाह बदलत असेल तरच परिणाम पलीकडे पोचतो, आणि पोचताना तारेला तार लागत नाही. ते कडे आजही त्या संस्थेने जपून ठेवले आहे. गिटारचा सूर हा सतत बदलणारा प्रवाहच, म्हणून तो अशा दोन वेटोळ्यांतून सुखाने पलीकडे जातो. दोन ॲम्पच्या जाळ्या मात्र एकमेकींना भेटत नाहीत. चांगल्या स्विचिंग पेडलच्या पोटात असलेला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर म्हणजे फॅरडेंचे कडे, बोटाच्या पेराएवढे झालेले.

म्हणून मित्राला मी सांगितले: दोन्ही ॲम्प एकाच वेळी वाजवणार असशील, तर निदान एका आउटपुटला ट्रान्सफॉर्मर असलेलेच पेडल घे. कॅनडाच्या रेडियल कंपनीचे बिगशॉट एबीवाय किंवा जर्मनीच्या लेहले यांचे पी-स्प्लिट ही त्या जातीची. त्यांच्यावरचा 'ग्राउंड लिफ्ट'चा खटका फक्त केबलची जाळी सोडवतो, भिंतीतील अर्थिंगला हात लावत नाही, त्यामुळे तो निर्धास्त वापरावा. उलट बॉसचे एलएस-२ हे लोकप्रिय आणि उपयुक्त पेडल असले, तरी त्यात आउटपुट एकमेकांपासून विलग केलेले नाहीत. पाळीपाळीने ॲम्प बदलायचे असतील, तरी नुसता खटका असलेल्या स्वस्त डब्यात दोन्ही जाळ्या बहुधा जोडलेल्याच राहतात, हे लक्षात ठेव.

त्याने विचारले, "पण आवाज दबणार नाही ना?" शंका रास्त होती. गिटारचा पिकअप नाजूक असतो. दोन ॲम्प आणि दोन लांब केबली एकदम त्याच्या गळ्यात पडल्या की वरचे सूर मंदावतात. लंडनच्या पीट कॉर्निश यांनी १९७०च्या दशकात पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमोर यांच्यासारख्यांसाठी पेडलबोर्ड बांधले, तेव्हा त्यांचा भर बफरवर होता. बफर म्हणजे पिकअपवर भार न टाकता सूर पुढे ढकलणारे छोटेसे सर्किट. पेडलमध्ये ते नसेल, तर आधीच्या एखाद्या पेडलमधले चालते.

राहता राहिला फेजचा खटका. ॲम्पमधला प्रवर्धनाचा प्रत्येक व्हॉल्व्ह-टप्पा सहसा सूर उलटा करतो. एका ॲम्पमध्ये असे टप्पे सम आणि दुसऱ्यात विषम असले, तर एक स्पीकर पुढे ढकलताना दुसरा मागे ओढतो आणि खर्ज नाहीसा होतो. आवाज मोठा पण पोकळ वाटला, तर ॲम्पला दोष देण्याआधी हा खटका फिरवून पाहावा. १९६०च्या दशकातल्या किती थप्प्या अशा स्वतःशीच भांडत वाजल्या असतील, कोण जाणे.

पुढच्या आठवड्यात इलेक्ट्रिशियनने नवा तीन पिनांचा प्लग बसवला, आणि भिंतीतल्या सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे का हेही तपासले. पेडल जुन्या बाजारातून, पण ट्रान्सफॉर्मरवाले मिळाले. घूंऽऽ गेला. एक बारीक भुणभुण उरली, ती मित्राने खुर्चीवर बसल्या बसल्या गिटार खिडकीकडे वळवताच कमी झाली. ती पिकअपची होती, डोक्यावरच्या ट्यूबलाइटने दिलेली. तिच्यावर कोणत्याही पेडलचा इलाज नाही. त्याने उठून दिवा बंद केला.