फुस्तातच्या भाकरीच्या याद्या

ज्यू म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कोकणातील शनवार तेली येतात, फार तर पुण्याचे ससून रुग्णालय. आम्ही येथे मांडीत आहोत ती हकीकत इजिप्तमधील जुन्या कैरोची, म्हणजे फुस्तातची आहे. ईश्वराचे नाव लिहिलेला कागद ज्यू लोक नष्ट करीत नाहीत. आपण जीर्ण पोथी नदीत सोडतो. तेथील बेन एझ्रा प्रार्थनामंदिरात असे कागद एका बंद खोलीत टाकीत. तिला गेनिझा म्हणत. सवयीने पत्रे, करार, हिशेब असे सारेच तीत पडत गेले. १८९६-९७ साली सॉलोमन शेक्टर यांनी त्यांतील १,९०,००० हून अधिक तुकडे केंब्रिजला नेले. पुढे गॉइटाइन यांनी अर्धी हयात वेचून त्या चिटोऱ्यांतून अकराव्या ते तेराव्या शतकातील एक अवघा समाज उभा केला.

या कागदांत दानधर्माच्या याद्याच याद्या आहेत. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी व शुक्रवारी, गरिबांना भाकरी वाटली जाई; कधी गहू, कधी वस्त्रे. कोणी विधवा, कोणी आंधळा, कोणी परमुलखातून आलेला निर्वासित, आणि प्रत्येकापुढे भाकरींचा आकडा. दुष्काळी कामांचे हजेरीपट तपासण्यात आमची उमेदीची वर्षे गेली, म्हणून असेल, या याद्या आम्हांला अगदी ओळखीच्या वाटल्या. पटावर नाव चढविताना मान खाली घालणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. फुस्तातलाही ती होती. पूर्वी बरे दिवस पाहिलेल्या कुटुंबाला तेथे ‘मस्तूर’, म्हणजे झाकलेला, असे म्हणत. आणि मदत मागण्याची पाळी आली की ‘तोंड उघडे पडले’ असे तो गृहस्थ पत्रात लिही. झाकली मूठ म्हणजे काय, हे आपल्या घरांना वेगळे सांगायला नको.

भाकरीपेक्षाही निकडीचे काम बंदिवानांच्या सुटकेचे. चाचे प्रवाशांना धरून अलेक्झांड्रियाच्या बंदरात विकावयास आणीत. एका माणसाचा भाव सर्वसाधारणपणे तेहतीस दिनार व एकतृतीयांश. त्या काळी साध्या कुटुंबाला महिन्याला दोन दिनार पुरत, म्हणजे एका सुटकेत अशा घराचा सव्वा वर्षाहून अधिक खर्च जाई. अलेक्झांड्रियाची मंडळी मग फुस्तातला पत्र लिहीत, आणि तेथे वर्गणीची यादी फिरे.

१०९९ मध्ये क्रुसेडरांनी जेरुसलेम घेतले, तेव्हाची हकीकत तर चटका लावणारी आहे. अश्कलोनच्या वडीलधाऱ्यांनी पुढल्या वर्षी इजिप्तला धाडलेले पत्र उपलब्ध आहे. कर्ज काढून त्यांनी जमतील तितकी माणसे सोडविली, आणि त्यांबरोबर तीनशेहून अधिक ग्रंथ व तोरेच्या आठ गुंडाळ्याही. सुटलेल्यांपैकी काही जण पुढे रोगराईने दगावले. पत्र लिहिणारे कराईत पंथाचे. रब्बींना मानणाऱ्यांशी त्यांचे धर्मशास्त्रावरून हाडवैर. पण बंदिवान सोडविताना पंथ पाहिला गेला नाही. (आपल्या मंडळांत एका गणपतीचे दोन गणपती का होतात, हा प्रश्न येथे न विचारलेला बरा.)

पुढे ११६८ मध्ये फ्रँक सैन्याने इजिप्तमधील बिल्बैस शहर लुटले आणि पुन्हा बंदिवानांचे तांडे निघाले. या वेळी आवाहनपत्रांवर सही होती ती मोशे बेन मैमोन, म्हणजे मायमोनिडीज यांची. ते नुकतेच इजिप्तमध्ये आलेले होते. गोळा झालेला पैसा कोणाकडे द्यावा, तो किती व कधी पोचला, हे ते जातीने पाहत. त्यांनी ११७८ च्या सुमारास पूर्ण केलेल्या धर्मसंहितेत नियमच आहे की वर्गणी दोघांनी मिळून गोळा करावी आणि वाटप तिघांनी बसून करावे. लेखापरीक्षणाशी संबंध आलेल्या माणसाला हे वाचून बरे वाटते. दानाच्या आठ पायऱ्या त्यांनी सांगितल्या. सर्वांत वरची पायरी म्हणजे पडणाऱ्याला कर्ज, भागी किंवा काम देऊन असे उभे करणे, की त्याला हात पसरावाच लागू नये.

त्यांचे स्वतःचे घर धाकट्या भावाच्या, डेव्हिडच्या, व्यापारावर चाले. हा डेव्हिड आपल्या हिंदुस्थानाकडे यावयास निघाला आणि हिंदी महासागरात बुडाला. त्याच्यापाशी स्वतःचा, मोशेंचा व इतरांचाही पैसा होता. तो सारा गेला. मोशे वर्षभर अंथरुणाला खिळले. उठले ते वैद्यकी करू लागले. डेव्हिडची विधवा आणि लहानगी मुलगी आता त्यांच्या पदरी होती.